न्यूहॉलची साडेचार मिनिटं

५ एप्रिल १९७० च्या रात्री, बारा वाजायला काही मिनिटं बाकी असताना, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला न्यूहॉलजवळ कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलचे, म्हणजे तिथल्या महामार्ग पोलिसांचे, चार अधिकारी एका कॉफीशॉपच्या पार्किंगमध्ये मारले गेले. सगळा प्रकार सुमारे साडेचार मिनिटांत आटोपला. रॉजर गोर आणि वॉल्ट फ्रेगो तेवीस वर्षांचे होते, जेम्स पेन्स आणि जॉर्ज अ‍ॅलिन चोवीस वर्षांचे. एकाचीही नोकरी दोन वर्षांची झालेली नव्हती आणि चौघांच्याही घरी लहान मुलं होती. समोर दोनच माणसं होती, आणि ती दोघंही तिथून पळून गेली.

अमेरिकेतल्या पोलीस प्रशिक्षणात हे प्रकरण आजही शिकवलं जातं. बरेचदा ते बेसावधपणाचा नमुना म्हणून सांगितलं जातं. मला ते इतकं सरळ वाटत नाही. गाडीतल्या माणसाकडे बंदूक आहे, हे या पोलिसांना आधीच कळलेलं होतं. ते सिग्नल मोडणाऱ्याची पावती फाडायला निघाले नव्हते. खबर खरी होती, वेळेवर पोचली होती आणि ती कुणी हसण्यावारीही नेली नव्हती. तरीही पहिली गोळी सुटली तेव्हा एका पोलिसाच्या शॉटगनची नळी आकाशाकडे होती आणि दुसऱ्याचं लक्ष गाडीतल्या दोघांपैकी एकावरच खिळलेलं होतं. खबर हातात असूनही असं का व्हावं?

खबर कशी आली

बॉबी डेव्हिस आणि जॅक ट्विनिंग हे दोघे तुरुंगवास भोगून आलेले सराईत गुन्हेगार. डेव्हिस सत्तावीस वर्षांचा, ट्विनिंग पस्तिशीचा. पैशांची ने-आण करणारी चिलखती गाडी लुटायचा त्यांचा बेत शिजत होता, आणि त्यांच्या लाल पॉन्टिअ‍ॅक गाडीत रिव्हॉल्वर, पिस्तुलं, नळी कापलेली शॉटगन असा साठाच होता. त्या रात्री डेव्हिसने महामार्गाच्या मधल्या पट्ट्यावरून बेकायदा गाडी वळवली आणि समोरून येणारी एक गाडी थोडक्यात वाचली. त्या गाडीत एक नौसैनिक आणि त्याची बायको होती. बाचाबाची झाली, तेव्हा डेव्हिसने सरळ बंदूक दाखवली. नौसैनिकाने प्रसंगावधान राखून, मागून पोलिसांची गाडी येतेय अशी थाप मारली आणि सुटका करून घेतली. मग फोन गाठून त्याने गाडीचं वर्णन आणि घडलेला प्रकार हायवे पेट्रोलला कळवला.

इथपर्यंत यंत्रणेने चोख काम केलं. वायरलेसवर संदेश गेला. गोर आणि फ्रेगो यांना ती गाडी दिसली, त्यांनी पाठलाग सुरू केला आणि मदत मागितली. पेन्स आणि अ‍ॅलिन यांची दुसरी गाडी पुढे वाटेत सज्ज होती. एवढ्यात पॉन्टिअ‍ॅक महामार्ग सोडून पेट्रोलपंपाला लागून असलेल्या कॉफीशॉपच्या आवारात शिरली आणि थांबली.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तक्रार एका माणसाने बंदूक दाखवल्याची होती. त्यामुळे मनात जी व्यक्ती उभी राहते ती चालकाची. शेजारी दुसरा कुणी असेल, त्याच्याकडेही शस्त्र असेल, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त बिथरलेला असेल, हे त्या खबरीत कुठेच नव्हतं. धोक्याची सूचना मिळाली की डोळे उघडतात खरे, पण ते सूचनेने दाखवलेल्या दिशेलाच उघडतात. पुढचं सगळं याच एका फटीतून घडलं, असं मला वाटतं.

आवारात काय झालं

गोरने रिव्हॉल्वर रोखून दोघांना हात वर करून बाहेर यायला फर्मावलं. एकदा सांगून ते हलले नाहीत, पुन्हा सांगावं लागलं. शेवटी चालक डेव्हिस उतरला. गोर पुढे झाला आणि त्याला गाडीला टेकवून झडती घ्यायच्या तयारीला लागला. फ्रेगो शॉटगन घेऊन दुसऱ्या बाजूच्या दाराकडे चालत गेला. दस्ता कमरेशी, नळी वर. कवायतीत आणि रस्त्यावर शॉटगन अशीच धरायची शिस्त होती. चुकून गोळी सुटली तर ती कुणाला लागू नये, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच, पण तो अपघात टाळण्याचा होता. नळी खाली आणून, नेम धरून चाप ओढायला जो क्षण लागतो, तो या पद्धतीत धरलेलाच नव्हता.

फ्रेगो दाराशी पोचला आणि ट्विनिंगने दार उघडून .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वरमधून दोन गोळ्या झाडल्या. फ्रेगो जागेवर कोसळला. त्याच्या शॉटगनमधून एकही काडतूस सुटलं नाही.

ट्विनिंग आता गोरवर गोळ्या झाडू लागला. गोर वळला आणि त्याने उलट गोळी चालवली. माणूस दुसरं काय करणार? पण वळताना त्याची पाठ डेव्हिसकडे झाली. डेव्हिसच्या हातात बेड्या नव्हत्या, त्याची कंबर अजून चाचपून झाली नव्हती. त्याने पट्ट्यातलं आखूड नळीचं .३८ रिव्हॉल्वर काढलं आणि अगदी हातभर अंतरावरून गोरला दोन गोळ्या घातल्या.

दुसरी गाडी येऊन थांबली तेव्हा तिच्यातल्या दोघांना समोर काय वाढून ठेवलंय याची कल्पनाच नव्हती. मदतीला आलेला पोलीस फार वाईट अवस्थेत येतो. घटना अर्धी होऊन गेलेली असते, कोण कुठे आहे हे माहीत नसतं, आपला माणूस कुठे पडलाय हेही दिसत नसतं, आणि उतरायच्या आधीच गोळ्या यायला लागतात. पेन्सने वायरलेसवर मदतीची हाक दिली. अ‍ॅलिन शॉटगन घेऊन उतरला आणि त्याने गोळीबार केला. त्या धांदलीत त्याने शॉटगनचा काडतूस भरायचा दांडा एकदा जास्तीचा ओढला आणि एक जिवंत काडतूस न झाडताच बाहेर पडलं. ते नंतर जमिनीवर सापडलं. अ‍ॅलिनने झाडलेल्यांपैकी एक छर्रा ट्विनिंगच्या कपाळाला चाटून गेला, तेवढंच. पुढे डेव्हिसने नळी कापलेल्या शॉटगनने अ‍ॅलिनला गाठलं.

राहिला पेन्स. त्याने रिव्हॉल्वरच्या सहाही गोळ्या झाडल्या, एकही लागली नाही. तो स्वतः छातीत आणि पायांत जखमी झाला होता. गाडीच्या आडोशाला बसून तो पुन्हा गोळ्या भरू लागला. त्या काळच्या रिव्हॉल्वरमध्ये हे काम कसं करावं लागे, ते नीट पाहायला हवं. सिलिंडर बाजूला काढायचा, दांडी दाबून रिकाम्या पुंगळ्या पाडायच्या, पट्ट्यावरच्या पाकिटाचं झाकण उघडायचं. त्यातून सहा सुट्या गोळ्या तळहातावर ओघळतात, त्या बोटांनी सरळ करून एकेक भोकात सरकवायच्या, आणि सिलिंडर बंद करायचा. रात्रीची वेळ, हात रक्ताने निसरडे, कानात गोळ्यांचा आवाज. ट्विनिंग गाडीला वळसा घालून मागून आला आणि त्याने पेन्सच्या डोक्यात जवळून गोळी झाडली. पेन्सचं लक्ष तेव्हा हातातल्या कामावर होतं.

एवढ्या वेळात मदतीला धावला तो एक सामान्य माणूस. गॅरी नेस, एकतीस वर्षांचा, पूर्वी मरीन दलात होता, कामावर निघाला होता. गोळीबार दिसताच त्याने गाडी थांबवली आणि पडलेल्या अ‍ॅलिनला ओढून आडोशाला न्यायचा प्रयत्न केला. ते जमेना. त्याने शॉटगन उचलली, ती रिकामी निघाली. मग अ‍ॅलिनचं रिव्हॉल्वर उचलून त्याने डेव्हिसवर गोळी झाडली आणि तिचा तुकडा डेव्हिसच्या छातीत घुसला. रिव्हॉल्वर रिकामं झाल्यावर नेसने खड्ड्यात उडी मारून जीव वाचवला. तेवढ्यात पोलिसांची तिसरी गाडी आली आणि दोघे मारेकरी अंधारात पळाले.

डेव्हिसने पहाटे एका माणसाची कॅम्पर गाडी मारहाण करून पळवली, पण तो लवकरच पकडला गेला. ट्विनिंग एका घरात घुसला, घरमालकाला ओलीस धरलं, सकाळी त्याला सोडलं, आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडल्यावर फ्रेगोच्याच शॉटगनने स्वतःला संपवलं. डेव्हिसला देहदंडाची शिक्षा झाली. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यातली देहदंडाची शिक्षा रद्द ठरवली, तेव्हा त्याची शिक्षा जन्मठेपेवर आली. २००९ मध्ये त्याने तुरुंगात आत्महत्या केली.

बेसावध कोण होतं?

घरात कोंडला गेलेला असताना ट्विनिंग पोलिसांशी फोनवर बोलला होता. फ्रेगोबद्दल त्याचं म्हणणं असं की तो गाफील राहिला, म्हणून उडवला. हे वाक्य पुढे खूप गाजलं. वर्गावर्गांतून ते तरुण पोलिसांना ऐकवलं गेलं, अजूनही ऐकवलं जातं. त्यातला इशारा कळतो, पण मला त्याची एक बाजू खटकते. खुन्याने दिलेला निवाडा संस्थेने जसाच्या तसा मान्य केला, आणि त्यामुळे सगळा ठपका त्या दाराशी चालत गेलेल्या तेवीस वर्षांच्या मुलावर बसला. फ्रेगो गाफील नव्हता. शॉटगन घेऊन, शिकवलेल्या पद्धतीने धरून, शिकवलेल्या बाजूला तो गेला. गोरने शिकवल्याप्रमाणे संशयिताला बाहेर बोलावलं आणि शिकवल्याप्रमाणे झडतीला गेला. दोघांनी मिळून जे केलं ते त्या काळच्या रीतीला धरूनच होतं.

मग चुकलं कुठे? माझ्या मते अंतरात. दोघं संशयित गाडीत होते, पोलीस आपल्या गाडीच्या आडोशाला होते, हातात शस्त्रं होती, मदतीची गाडी वाटेत होती. त्या क्षणी वेळ पूर्णपणे पोलिसांच्या बाजूने होता. पाच मिनिटं तसंच थांबले असते तर दोनाचे चार झाले असते. पण ते पुढे गेले, आणि आडोसा व अंतर दोन्ही एकदम सोडून दिलं. का गेले? कारण गाडी थांबवली की पोलीस गाडीपाशी जातो. रोज शेकडो वेळा तेच होतं. हायवे पेट्रोलचं बहुतेक काम वाहतुकीचं, आणि त्यात थांबून राहणारा माणूस वेळ काढणारा वाटतो. बंदुकीची खबर मिळाल्यावर त्यांनी शस्त्रं बाहेर काढली, आवाज चढवला, मदत मागवली. पायांनी मात्र रोजचीच वाट धरली.

दुसरी अडचण साधी शारीरिक आहे. ज्याने गोळी झाडायचं ठरवलंय त्याला फक्त हात हलवायचा असतो. समोरच्या पोलिसाला आधी ते दिसावं लागतं, मग ते काय आहे हे कळावं लागतं, मग काय करायचं ते ठरवावं लागतं, आणि तेव्हा कुठे त्याचा हात हलतो. कितीही चपळ माणूस असला तरी ही पिछाडी भरून निघत नाही. नेमबाजीचा सराव वाढवून ती भरून काढू, हे म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. तिच्यावर उपाय दोनच: मध्ये काहीतरी भक्कम ठेवणं, आणि समोरच्याला हात हलवण्याआधी उतरणं, वळणं, चालणं भाग पाडणं, म्हणजे आपल्याला क्षणभर आधी कळेल.

सरावाचा मुद्दाही आहेच. मैदानावर हलक्या .३८ गोळ्यांनी, स्थिर निशाणावर, शांतपणे नेम धरायचा, आणि रस्त्यावर मात्र जोरदार धक्का देणाऱ्या मॅग्नम गोळ्या वापरायच्या, असा तेव्हा प्रकार होता. रात्री, हलत्या माणसावर, आपल्यावर गोळ्या येत असताना झाडायचा अनुभव या चौघांना कुणी दिलेलाच नव्हता.

खिशातल्या पुंगळ्या

या प्रकरणाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट बहुधा घडलेलीच नाही. सांगतात असं की पेन्सच्या खिशात सहा रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. मैदानावर सराव झाला की पुंगळ्या गोळा करून द्यायची सवय. ती इतकी हाडीमाशी मुरलेली की मरणाच्या दारातही त्याने त्या जमिनीवर न टाकता खिशात ठेवल्या आणि तेवढ्यात त्याचा घात झाला. हा किस्सा जगभरच्या प्रशिक्षकांच्या तोंडी आहे. पोलीसच कशाला, सैन्यात आणि व्यवस्थापनाच्या वर्गांतही तो सांगितला जातो.

नंतर काही अभ्यासकांनी मूळ कागदपत्रं आणि घटनास्थळाची छायाचित्रं बारकाईने तपासली, तेव्हा पेन्सच्या पुंगळ्या तो जिथे गोळ्या भरत होता तिथेच जमिनीवर पडलेल्या निघाल्या. म्हणजे त्या मुलाने शेवटच्या क्षणी नेमकं जे करायला हवं तेच केलं होतं, आणि जवळजवळ चाळीस वर्षं त्याचं नाव उलट कारणासाठी घेतलं जात राहिलं.

गंमत अशी की खोट्या किश्श्यातून निघालेली सुधारणा चांगली होती. सरावात पुंगळ्या जमिनीवर पडू द्यायच्या, नंतर वेचायच्या, हा बदल योग्यच. पण किश्श्याने दोष सवयीवर ढकलला आणि साधन नजरेआड झालं. पेन्स मागे पडला तो एकेक गोळी भरावी लागण्यामुळे. सहाही गोळ्या एकदम भरता येतील असं साधं उपकरण पुढे हायवे पेट्रोलने आपल्या माणसांना दिलं, आणि न्यूहॉलचा खरा धडा त्यात जास्त आहे. असे किस्से पसरतात ते उगाच नाही. त्यात एक माणूस असतो, एक चूक असते आणि एक तात्पर्य असतं. गोळ्या ठेवायच्या पाकिटाची रचना सदोष होती, हे वाक्य कुणाच्या लक्षात राहणार?

काय बदललं

न्यूहॉलनंतर धोकादायक गाडी थांबवण्याची पद्धतच मुळापासून बदलली. आज जी रीत शिकवतात तिच्यात पोलीस गाडीपाशी जात नाहीत. आपली गाडी मागे, अंतर राखून उभी करतात, दोघंही आडोशाला राहतात, पुरेशी कुमक आल्याशिवाय काही सुरू करत नाहीत. आज्ञा एकच जण देतो, म्हणजे गोंधळ होत नाही. चालकाने इंजिन बंद करायचं, किल्ली बाहेर टाकायची, मग एकेकाने उतरून, पाठ पोलिसांकडे करून, उलटं चालत यायचं, गुडघ्यांवर बसायचं. आधी बेड्या, मग झडती. गोर-डेव्हिस यांच्यात जे घडलं ते टाळायला हा एक क्रम पुरेसा होता. शेवटचा माणूस बाहेर आल्यावरही गाडी रिकामी आहे असं न धरता ती वेगळी तपासली जाते. हायवे पेट्रोलने न्यूहॉल या नावाच्या इंग्रजी अक्षरांवरून सात सूचनाही रचल्या. पहिलीच सूचना सांगते की पुरेशी तयारी आणि पाठबळ असल्याशिवाय धोक्याच्या जवळ जाऊ नका.

जोडीने काम कसं करायचं, याचं उत्तर मात्र यायला आणखी चौदा वर्षं आणि आणखी दोन मृत्यू लागले. १९८४ मध्ये सॅन डिएगोच्या एका बागेत दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी कामाची स्पष्ट वाटणी लिहून काढली: एकाने संशयिताशी बोलायचं, झडती घ्यायची, नोंद करायची, दुसऱ्याने यातलं काहीही करायचं नाही, फक्त पाहायचं. पाहणाऱ्याने मदतीला म्हणूनसुद्धा पुढे यायचं नाही. न्यूहॉलच्या आवारात पाहणारा कुणीच नव्हता. गोर आणि फ्रेगो दोघंही एकाच वेळी कामात होते.

गोळी अडवणारं जॅकेट त्या रात्री कुणाच्याच अंगात नव्हतं. अशा जॅकेटसाठी वापरतात तो केव्हलारचा मजबूत धागा १९६५ मध्ये सापडला होता, पण रोज गणवेशाखाली घालता येईल असं हलकं जॅकेट पोलिसांपर्यंत पोचायला १९७० च्या दशकाचा मध्य उजाडला.

या साऱ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती न्यूहॉल शिकवताना बरेचदा गाळली जाते. प्रत्येक दारामागे ट्विनिंग बसलाय असं मनावर बिंबवलेला पोलीस, खिशातून परवाना काढणाऱ्या निरपराध माणसावरही गोळी झाडू शकतो. तसं घडलेलंही आहे. पण न्यूहॉल नीट वाचलं तर त्यातून आधी गोळी झाडा असा सल्ला निघत नाही. आडोसा आणि अंतर असलेल्या पोलिसाला समोरचा हात खिशातून काय काढतोय ते पाहायला वेळ मिळतो. तीच गोष्ट त्याचा जीव वाचवते आणि तीच निरपराध चालकाचाही. गाडीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या पोलिसाला मात्र निम्म्या सेकंदात अंदाज बांधावा लागतो, आणि तो कुठल्याही बाजूने चुकू शकतो.

ही पद्धत माणसं आणि वेळ दोन्ही खाते. एका गाडीसाठी दोन-तीन पथकं, रस्ता अडवून, बराच वेळ. शहरात ते जमतं. लांबच्या रस्त्यांवर गस्तीच्या गाडीत अनेक ठिकाणी एकटाच पोलीस असतो आणि सर्वांत जवळची कुमक कित्येक मैलांवर असते. संशयित गाडी नजरेच्या टप्प्यात ठेवून मागे राहायचं, थांबवायचं नाही, मदत येईतो फक्त तिची दिशा सांगत राहायचं, एवढाच मार्ग त्याच्याकडे उरतो. पण गाडी आपणहून थांबली, जशी पॉन्टिअ‍ॅक त्या आवारात थांबली, तर काय करायचं याचं उत्तर सोपं नाही. गाडी उलटी घेऊन अंतर वाढवायचं, असं काही प्रशिक्षक सांगतात. ज्याला आयुष्यभर पुढे व्हायला शिकवलंय, त्याला ते जमवायला वेगळाच सराव लागतो.